काविळीची माळ

रविवार, १२ जानेवारी

आज ओसरी भरली होती. शेवगावहून एक जीप आली, एक कुटुंब शिर्डीकडचं होतं, बाकी आसपासच्या गावांतले. थंडीत कावीळ वाढली आहे. ऊसतोडीच्या टोळ्या मिळेल ते पाणी पितात, त्यांच्यातली माणसं जास्त.

रीत वडिलांच्या वेळेपासूनची आहे. घेटुळीच्या वेलाच्या काड्या आदल्या सांजेला आणायच्या, पेराएवढे तुकडे करायचे आणि पांढऱ्या सुतात एकेक तुकडा गाठ मारून बांधायचा. हे काम बायकोचं, बनूचं. ती आतल्या खोलीत बसून माळा करते. प्रत्येक गाठीत करंगळी घालते, गाठ मारते, करंगळी काढून घेते. मी ओसरीवर मंत्र म्हणतो आणि माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवतो. ठेवताना ती टोपीच्या काठाएवढी असते. मग रोज वाढत वाढत गळ्यात येते, छातीवर येते, कमरेवर येते, शेवटी पायांतून निघते. माळ उतरली की कावीळ उतरली. पैसा घ्यायचा नाही, ही वडिलांची अट. पोस्टात मास्तर होतो तोवर रविवारीच द्यायचो. निवृत्त झाल्यावर बुधवारही धरला.

कारखान्याच्या ट्रॅक्टरवरचा हनुमंत आला होता. "मास्तर, लघवी बगा, नुसता कोरा चहा!" बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

दुपारी बनू जेवली नाही. पित्त झालंय म्हणाली. तिचं हे जुनंच आहे. उजव्या कुशीत कळ आली की सोडा घेते, भिंतीला टेकते, थोड्या वेळाने उठून कामाला लागते.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. बायका ववसायला अंगणात जमल्या होत्या. सून स्नेहल मला बाजूला घेऊन म्हणाली, "अण्णा, आईंचे डोळे उजेडात बघा."

पाहिले. इतकी वर्षं लोकांचे डोळे बघतो आहे, ओळखायला वेळ लागला नाही.

"कुंकवाच्या ताटातली हळद उडाली आसंल," बनू म्हणाली आणि तिळगूळ वाटत राहिली.

मुलाचा, सुनीलचा, शिर्डीहून फोन आला. तिथल्या एका हॉटेलात तो मॅनेजर आहे. म्हणाला, आधी रक्त तपासा. मी म्हणालो, घरात औषध असताना रक्त कशाला काढायचं? त्याने फोन ठेवला. त्याला यातलं पटत नाही, हे मला ठाऊक आहे.

बनू हे नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही. लिहिताना घेतो.

बुधवार, १५ जानेवारी

सगळ्यांच्या माळा झाल्यावर तिने स्वतःची बांधली आणि इतरांसारखी माझ्यापुढे येऊन बसली. शेजारची एक बाई म्हणाली, "बनुबाई, आज मास्तरांपुढं मान वाकवावी लागली बगा!"

"आज कुठली? लगीन झाल्यापून वाकवलेलीच हाय," ही म्हणाली. सगळी ओसरी हसली. मीही हसलो.

मंत्र म्हणताना आज थोडा अडखळलो. रोगी ओळखीचा असला की असं होतं.

तेल, हळद, तिखट बंद. उसाचा रस, ताक, भाकरी.

रविवार, १९ जानेवारी

बनूची माळ छातीखाली आली. इतक्या लवकर कोणाचीच आलेली मी पाहिली नाही. ओसरीवर सगळ्यांना मुद्दाम सांगितलं. लोकांनाही बरं वाटलं.

डोळे मात्र अजून तसेच, किंबहुना जास्त. आधी माळ उतरते, मग डोळे निवळतात, असं वडील सांगत. अंगाला खाज फार आहे. नारळाच्या शेंडीने हात घासत बसते. परसाकडेला पांढरं होतंय असं तिने स्नेहलला सांगितलं, स्नेहलने सुनीलला आणि त्याने मला फोनवर ऐकवलं. कावीळ म्हटल्यावर हे सगळं आलंच.

बुधवार, २२ जानेवारी

माळ कमरेखाली. दुपारी बनूला थंडी वाजून ताप आला. घरातल्या सगळ्या गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते.

मी विचारलं, "नगरला दाखवून येऊ का?"

म्हणाली, "भाईर मानसं बसल्यात. मास्तरची बायकू दवाखान्यात न्हेली म्हनल्यावर त्यांनी कुनाच्या तोंडाकडं बगायचं? दोन दिसात निघंल माळ."

तिला माझ्या कामाची जेवढी काळजी आहे तेवढी मलाही नसेल. बाहेर जाऊन उरलेल्या माळा दिल्या.

शुक्रवार, २४ जानेवारी

सकाळी माळ पायांतून निघाली. देवापुढे नारळ फोडला. बनूला प्रसाद द्यायला गेलो तर तिने मला ओळखलं नाही. "पोस्तमन आला का?" असं विचारत होती.

जेवायच्या वेळी सुनील आला. आईच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे वळला. "अण्णा, माळ पायातनं निघाली. आता आई कुठनं निघायची वाट बघताय?"

बापाला असं बोलावं का, हा प्रश्न आहे. पण मी चपला घातल्या. शेजाऱ्यांची गाडी घेतली. घोडेगावच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता धरला होता. बनूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गाडी हलली की ती कण्हायची, थांबली की गप्प व्हायची. थांबली की मलाच भीती वाटायची.

शनिवार, २५ जानेवारी

नगरच्या दवाखान्यात. सिस्टरने पेशंटचं नाव विचारलं. सुनील गाडी लावायला गेला होता. मलाच सांगावं लागलं. "बनुबाई." सिस्टर म्हणाली, "मोठ्याने सांगा आजोबा." पुन्हा सांगितलं.

डॉक्टर पंकजा म्हणून शस्त्रक्रियेच्या डॉक्टर आहेत, सुनीलच्याच वयाच्या. सोनोग्राफी बघून त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. त्यातले काही निसटून नळीत उतरले आणि अडकले. पित्ताला आतड्यात जायची वाट राहिली नाही, म्हणून ते रक्तात चढलं. साचलेल्या पित्तात पू झाला, त्याचा हा ताप.

"माळ उतरली होती," मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

त्या म्हणाल्या, "अजून दोन दिवस घरी राहिल्या असत्या तर..." आणि चित्राचा कागद सुनीलकडे दिला.

सोमवार, २७ जानेवारी

औषधांनी ताप उतरतो आहे. आज बनूने मला ओळखलं. पहिला प्रश्न, "काल रविवारी मानसं आलती का?"

तोंडातून दुर्बीण घालून खडे काढायचा प्रयत्न झाला. नळीचं तोंड आतड्यातल्या एका खळग्यात दडलं आहे, तार आत शिरेना. तेव्हा परवा ऑपरेशन. पोटाला बारीक छिद्रं पाडायची, पिशवी काढायची, आणि त्याच वेळी पित्ताच्या नळीला लहान चीर देऊन तिच्यात एक बारीक दुर्बीण सोडायची.

"पूर्वी हाताला लागतील तेवढे खडे काढायचे आणि फोटोवर भरवसा ठेवायचा," डॉक्टर म्हणाल्या. "एखादा मागे राहायचा आणि काही महिन्यांनी पेशंट पुन्हा पिवळा होऊन यायचा. आता नळीच्या आत जाऊन डोळ्यांनी बघता येतं."

"धोका?" सुनीलने विचारलं.

"आहे. काविळीत रक्त लवकर गोठत नाही, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. वेळ पडली तर पोट उघडावं लागेल. पण न करण्यात जास्त धोका आहे."

सही करताना माझा हात स्थिर होता. त्याचंच नंतर वाईट वाटलं.

कपडे बदलताना सिस्टरला बनूच्या लुगड्याच्या ओच्यात सुतासकट घेटुळीची काडी सापडली. डॉक्टर हसतील असं वाटलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी शेवगावची. लहानपणी माझ्याही डोक्यावर आईने माळ ठेवली होती. उतरली, मी बरी झाले. माझी कावीळ साधी होती, आजी, आराम केला की जाणारी. तुमची तशी नाही. ही वाट अडल्याची."

बनूने डोळे उघडले. "मग वळखायची कशी वं, डॉक्टरबाई? कंची साधी, कंची अडल्याली?"

"अंगाला खाज. परसाकडेला पांढरं. उजव्या बरगडीखाली कळ. आणि थंडी वाजून ताप आला तर एक दिवसही थांबायचं नाही."

"पुन्यांदा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. बनू ओठ हलवत होती, मंत्र पाठ करावा तशी. आता सगळं झाल्यावर हिला हे कशाला हवं? पण आजारी माणसाला कोण विचारणार.

बुधवार, २९ जानेवारी

आजही ओसरीवर नव्हतो. ताप आला तरी कधी वार चुकवला नव्हता, आता सलग दोन चुकले.

बनूला आत नेलं. जाताना म्हणाली, "स्नेहलला सांगा, काड्या सुकू द्यायच्या न्हाईत." मी मान हलवली. याहून दुसरं काही बोलायला हवं होतं, दोघांनीही.

बाहेर बाकावर सुनील आणि मी एका टोकाला एक असे बसलो. मोबाईलवर त्याचं बोट उगाच फिरत होतं. बऱ्याच वेळाने डबा उघडून त्याने भाकरी माझ्यापुढे केली. मी अर्धी मोडून त्याला दिली. खाल्ली कोणीच नाही.

मग आतून बोलावणं आलं. टोपी, अंगरखा, वेगळ्या चपला घालून आम्ही एका कोपऱ्यात उभे राहिलो. बनूचा चेहरा कापडामागे होता. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला सांगितलं.

आधी काही कळेना. मग विहिरीत दिवा सोडल्यासारखं झालं. ओल्या गुलाबी भिंती, मधून पाणी सोडत होते, आणि पुढे काळपट तपकिरी असा एक गोळा, भिजलेल्या हरभऱ्यासारखा, वाट गच्च धरून बसलेला.

"हा बघा, मास्तर."

दुर्बिणीच्या टोकातून बारीक तार पुढे आली, तिची टोपली उमलली, खड्याच्या पलीकडे गेली, मागे आली आणि मिटली. डॉक्टरांनी हळूहळू ओढलं. खडा जागेवरून हलला तसा सुनीलने माझा दंड धरला. त्याच्यामागे दुसरा होता, तोही आला.

"झालं?" सुनीलने विचारलं.

"नाही. आता वरच्या बाजूला बघायचं." दुर्बीण वळली. वाट पुढे दोन फाट्यांत फुटली होती. एक मोकळी. दुसरीत आत, वळणाआड, एक लहानसा खडा. डॉक्टर थांबल्या. "हा सोनोग्राफीत नव्हता. फोटोतही नव्हता. बघितलं नसतं तर राहिला असता."

टोपली दोनदा रिकामी आली. तिसऱ्यांदा खडा घेऊन आली. मग दुर्बीण खाली नेली, अगदी नळीच्या तोंडापर्यंत. तोंड उघडझाप करत होतं, पलीकडे आतडं दिसत होतं. वाट स्वच्छ.

तेवढ्यात वरून पित्त आलं. पाटाचा बांध फुटल्यावर पाणी यावं तसं, पिवळंधमक, मोकळं.

कावीळ उतरताना मी आज पहिल्यांदा पाहिली.

रविवार, २ फेब्रुवारी

बनूला शुद्ध चांगली आहे, पेज घेते. पोटाच्या बाजूने रबरी नळी बाहेर काढली आहे, तिच्यातून पित्त प्लास्टिकच्या पिशवीत पडतं. सुनील तिच्याजवळ थांबला, मी गावी आलो. माणसं मागच्या दोन्ही वेळी परत गेली होती, पुन्हा परत पाठवणं बरं नव्हे.

माळा स्नेहलने बांधल्या. मी मंत्र म्हणून ठेवल्या. ठेवताना डोळ्यांसमोर सारखा तो पडदा येत होता.

रविवार, ९ फेब्रुवारी

वाईट दिवस. मागच्या रविवारचे सगळे परत आले. एकाचीही माळ हललेली नाही. टोपीसारख्या जिथल्या तिथे. एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, ही माळ हाय का मुंडावळ्या?"

सगळ्यात नवल म्हणजे त्यांतल्या पुष्कळांचे डोळे निवळले आहेत. भूक लागते म्हणतात. माळ डोक्यावर, आणि कावीळ गेलेली. असं कसं होईल?

हातगुण गेला असावा. स्वतःच्या घरात औषध पुरं पडू दिलं नाही, म्हणून गेला.

स्नेहल म्हणाली, "अण्णा, मला गाठ घट्टच येते. आई सैल ठेवतात. काडी सुकली की त्यांचं सूत सरकतं."

मी तिला समजावलं की गाठीचा यात काही संबंध नाही. गुण असतो तो वनस्पतीत आणि देणाऱ्यात. ती बिचारी शहरात शिकलेली. उरलेलं सूत गुंडाळायला लागली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

बनू घरी आली. नळी अजून आहे. अंगावर मास राहिलेलं नाही, पण डोळे पांढरे आहेत. अंगणात खुर्ची टाकून बसवलं. येणारे-जाणारे थांबून चौकशी करतात. डॉक्टरांनी खडे बाटलीत घालून दिले आहेत. ती बाटली बनूने सुताच्या टोपलीत ठेवली. देवळीत ठेव म्हटलं तर नको म्हणाली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

नगरला जाऊन आलो. नळीतून औषध सोडून फोटो काढला. कुठे अडथळा नाही. नळी काढून टाकली. परतताना सुनील गाडीत जुनी गाणी लावून बसला होता. माझ्याशी नीट बोलला.

रविवार, २३ फेब्रुवारी

सकाळी लवकर बनूजवळ बसलो आणि मनातलं सांगितलं. "माळ बंद करावी म्हणतो. हात उतरला आहे. आणि तुझ्यासारखं कोणाचं झालं, माझ्या माळेवर विसंबून कोणी घरी बसलं, तर?"

ती बराच वेळ सूत उलगडत राहिली. मग म्हणाली, "बंद केली तर लोक दुसरीकडं जात्याल. तितं कोन बगंल त्यांच्याकडं? हितं आली तर निदान..."

"निदान काय?"

"काय न्हाई. मी बांधती. तुमी ठिवा."

"तू त्यांना सांग की, दवाखान्यात जा म्हणून. तू भोगलं आहेस."

"माजं ऐकून कोन जातंय वं? तुमचा ल्योक वरडत हुता, तुमी तरी गेलात का? लोक माळंचं ऐकत्यात."

हे खरं आहे. लोकांची श्रद्धा मोठी आहे.

रविवार, २ मार्च

मागच्या रविवारपासून बनू पुन्हा माळा बांधायला बसते. हात परत आला! बुधवारच्या, रविवारच्या, सगळ्या माळा उतरू लागल्या आहेत. बनूच्या तब्येतीबरोबर माझा गुणही बरा झाला म्हणायचा.

एक बदल झाला आहे. पूर्वी ती माळा करून ठेवायची, आता माणूस आल्यावर करते. आधी घरच्या बाईला आत बोलावते, चहा देते, बाटली दाखवते, पोटाचं, खाण्याचं, परसाकडेचं विचारत बसते. बाहेर लोक खोळंबतात. मी एकदा हाक मारली, तर आतून म्हणाली, "बायकांचं बोलनं हाय, तुमी मंत्र म्हना."

रविवार, ९ मार्च

मिरजगावहून राजेश्वरी नावाची बाई सासऱ्यांना घेऊन आली. म्हातारा हळदीत बुडवल्यासारखा, हातांवर खाजवल्याचे ओरखडे. ताप नव्हता. बनूने तिला आत बराच वेळ बसवून घेतलं. मग माळ आणून माझ्या हातात दिली आणि स्वतः ओसरीवर आली, जे ती कधी करत नाही.

"सकाळी उटल्या उटल्या माळ बगा," तिने राजेश्वरीला सांगितलं. "बोटभर बी खाली आली नसंल, तर मास्तरांस्नी फोन करा. ताप भरला तर फोनची बी वाट बगू नका. मास्तर सांगत्याल तसं करायचं. काय?"

सकाळपर्यंत माळ कशी हलेल, हे मला कळलं नाही. पण चारचौघांत तिला खोडून कशाला काढू?

सोमवार, १० मार्च

राजेश्वरीचा फोन. माळ जागची हललेली नाही. बनू समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "माळ धरत नाही. ही माझ्या हातातली कावीळ नव्हे. आजच्या आज नगरला न्या."

"मास्तर, तुमीच म्हनताय म्हनल्यावर न्हेतो," ती म्हणाली.

बनूने सुस्कारा सोडला आणि चुलीकडे गेली.

रविवार, ३० मार्च

पाडवा. सुनील, स्नेहल घरी. गुढी उभारली.

सकाळीच राजेश्वरी आणि तिचा नवरा पेढे घेऊन आले. सासऱ्यांच्या नळीत खडा निघाला, आत दुर्बीण घालून काढला. म्हातारा घरी चालतो-फिरतो आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. राजेश्वरी माझ्या पाया पडली. मी म्हणालो, माझं काही नाही, माळेने सांगितलं.

ते गेल्यावर बराच वेळ विचार करत बसलो. महिन्याभरात असे आणखी दोघे झाले. त्यांचीही माळ हलली नाही, त्यांनाही पाठवलं, दोघांनाही खडेच. वडिलांच्या हयातीत असं कधी घडलं नव्हतं. तेव्हा माळ सगळ्यांचीच उतरायची. जे नंतर वारले त्यांचीही उतरलेली होती, हे आज पहिल्यांदा मनात आलं आणि हातातला पेढा तसाच ठेवून दिला.

आत गेलो. बनू माळा बांधत होती. बाटली शेजारी. बाहेर एक तरुण मुलगी आईबरोबर बसली होती. आईच सांगत होती, पोटात कळ येते, खाजेने झोप नाही.

मी म्हणालो, "घरात एवढं दुखणं झालं, त्याने माळ शहाणी झाली बघ. कोणाला इथं ठेवायचं आणि कोणाला पुढे पाठवायचं, ते तिला कळायला लागलं."

बनूने मान वर केली नाही. "व्हय," ती म्हणाली, "शिकली आसंल." तिने काडी सुतात धरली, करंगळी बाजूला घेतली आणि दाताने ओढून गाठ पक्की केली.